लिहून द्या, साहेब

१

१९९१ साली मी घरासाठी कर्ज मागायला बँकेत गेलो. एस.टी.त कारकून होतो. नोकरी पक्की, पगाराचा दाखला हातात, दोन जामीनदार बरोबर. बँकेचं नाव घेत नाही. नावानं काही अडत नाही. साहेबांनी कागद बघितले, मान हलवली. म्हणाले, "सगळं व्यवस्थित आहे तुमचं. जागा कुठं म्हणालात?"

"भीमनगर."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तिकडं आम्ही देत नाही हो. दुसरीकडं जागा बघा, महिन्याभरात मंजूर करतो."

मी म्हणलं, "का देत नाही, तेवढं लिहून द्या."

साहेब हसले. "अहो, असं कुणी लिहून देतं का?"

घर बांधलं, पण सावकाराच्या पैशावर. महिन्याला शेकडा तीन रुपये, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. बायकोचं डोरलं त्याच्या तिजोरीत गेलं ते परत आलंच नाही. थोरलीचं शिक्षण बारावीला थांबलं. बँकेनं मला जात विचारली नव्हती. तिला गरजच पडली नाही. पत्ता सांगितला की जात सांगून होते.

निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला आणि शिकागो शहराची हकीकत हाती लागली. तिथल्या काळ्या माणसांनाही साहेबांनी असंच पेन खाली ठेवून दाखवलं होतं. फरक एवढाच की तिथं पुढं लोकांनी साहेबाला लिहायला लावलं. ते कसं झालं आणि कुठं कमी पडलं, ते आपल्या वाचकांपुढं ठेवावं म्हणून हे लिहितोय.

आपलं आणि त्यांचं नातं जुनं आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबियात शिकले. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती सारखी असल्याचं कळवलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव घेतलं ते १९६६च्या ब्लॅक पँथरवरून. ४ डिसेंबर १९६९ला पहाटे पोलिसांनी फ्रेड हॅम्प्टनला शिकागोच्या पश्चिम भागात गोळ्या घातल्या, ते आपल्यातल्या अनेकांना तोंडपाठ आहे. पण त्याच काळात, त्याच पश्चिम भागात, गहाणखतांची आणि हप्त्यांची एक लढाई चालू होती. ती आपल्याला कुणी सांगितली नाही.

२

सुरुवात १९३३ पासून करावी लागते. १९२९ला बाजार कोसळला होता. लोकांचे हप्ते थकले, घरांवर जप्त्या आल्या. त्या वेळी अमेरिकेत घरकर्ज तीन ते पाच वर्षांचं असायचं. निम्मी रक्कम आधी भरायची, मधे व्याज द्यायचं आणि मुदत संपली की मुद्दल एकदम टाकायचं. नोकरी गेली की घर गेलं.

रूझवेल्टच्या सरकारनं १९३३ साली घरमालकांसाठी कर्ज महामंडळ काढलं. तीन वर्षांत सुमारे दहा लाख घरांची कर्जं या महामंडळानं सावकारांकडून आणि बँकांकडून स्वतःकडं घेतली. पंधरा वर्षांची मुदत दिली. दर महिन्याच्या हप्त्यातच मुद्दलही फिटत जाईल अशी सोय केली. आज आपण जो हप्ता भरतो त्याची रीत अशी रुळली. पाठोपाठ १९३४ साली सरकारी हमीचा कायदा आला. बँकेनं कर्ज द्यायचं आणि ते बुडालं तर सरकारनं भरून द्यायचं. हमी मिळाली तशा बँका निर्धास्त झाल्या, मुदती आणखी वाढल्या, व्याज उतरलं. मध्यम कमाईचा कामगार पहिल्यांदा मालक होऊ लागला.

इथपर्यंत ऐकून कुणालाही वाटंल, वा, काय सरकार आहे!

पण महामंडळानं दोनशेवर शहरांचे नकाशे काढून घेतले. प्रत्येक वस्तीला रंग दिला. हिरवी उत्तम, निळी बरी, पिवळी उतरती आणि लाल धोक्याची. काळ्यांची जवळपास प्रत्येक वस्ती लाल होती. घर पक्कं आहे का, माणूस कमावता आहे का, हे नंतर. आधी शेजारी कोण राहतं ते बघायचं. महामंडळानं आपली बहुतेक कर्जं हे नकाशे तयार व्हायच्या आधीच दिली होती, हेही सांगायला पाहिजे. खरा घाव हमी देणाऱ्या खात्याचा. १९३८ सालच्या त्यांच्या नियमपुस्तकात वेगवेगळ्या वंशांची माणसं एका वस्तीत मिसळणं हा धोका मानला होता. घर काळ्याला विकणार नाही असं कलम खरेदीखतात घालावं, अशी शिफारसही होती. सुप्रीम कोर्टानं १९४८ साली सांगितलं की असली कलमं कोर्टातून अमलात आणता येणार नाहीत. तोवर गोऱ्यांची उपनगरं सरकारी हमीवर उभी राहत गेली होती आणि नंतरही राहत गेली.

म्हणजे बघा. सावकाराच्या तावडीतून माणूस सोडवायला सरकारनं कायदा केला आणि त्या कायद्यातच गावकुस बांधलं. आत हमी, बाहेर सावकार. आपल्याला यात नवल वाटू नये. विहीर सरकारी असली तरी पाणी कुणी भरायचं ते गावच ठरवत आलंय.

३

बँक दार लावते तेव्हा घराची गरज काही संपत नाही. दक्षिणेतल्या मिसिसिपी, अलाबामा या राज्यांतून काळे लोक शिकागोला येत होते. कारखान्यात काम मिळत होतं, हातात पैसा होता, घर पाहिजे होतं. मग दलाल पुढं आले.

पश्चिम भागातली नॉर्थ लॉनडेल ही वस्ती घ्या. १९५० साली तिथं शंभरात तेरा काळे होते. १९६० साली एक्क्याण्णव. मधल्या दहा वर्षांत दलालांनी गोऱ्या घरमालकांना घाबरवलं. काळे आले, आता भाव पडणार, विका आणि निघा. स्वस्तात घर घेतलं आणि तेच दुप्पट भावानं काळ्या कुटुंबाला दिलं. बँक कर्ज देत नाही म्हणून दलालच हप्ते बांधून द्यायचा. त्याला म्हणायचे काँट्रॅक्ट. त्यातली मेख अशी की शेवटचा हप्ता फिटेपर्यंत खरेदीखत दलालाच्या नावावर. घरपट्टी तुम्ही भरा, विमा तुम्ही भरा, छप्पर गळलं तर तुम्ही दुरुस्त करा. पण एक हप्ता चुकला की बाहेर. आधी भरलेलं सगळं बुडालं. मग त्याच घरावर दुसरं कुटुंब. गावाकडं मुदतखरेदीत जमिनी गेलेल्या ज्यांनी बघितल्यात, त्यांना ही पद्धत समजावून सांगायला नको.

क्लाइड रॉस हा माणूस मिसिसिपीहून १९४७ला शिकागोला आला. १९६१ साली लॉनडेलमध्ये साडेसत्तावीस हजार डॉलरला घर घेतलं. विकणाऱ्यानं तेच घर सहा महिन्यांपूर्वी बारा हजारांना घेतलेलं. रॉसला वाटलं, आपण घरमालक झालो. कागद बघितला तर तो भाडेकरूही नव्हता. भाडेकरूला निदान छप्पर मालकानं दुरुस्त करून द्यावं लागतं.

ड्यूक विद्यापीठातून २०१९ साली निघालेल्या एका अभ्यासानं या लुटीचा हिशेब मांडला. पन्नास-साठच्या दशकांत शिकागोत काळ्यांना विकलेल्या घरांपैकी शंभरात पंचाहत्तर ते पंच्याण्णव घरं अशा काँट्रॅक्टवर गेली. दलालानं घेतलेल्या किमतीवर सरासरी ८४ टक्के चढवले. आजच्या पैशात तीन ते चार अब्ज डॉलर काळ्या कुटुंबांच्या खिशातून गेले. नवरा-बायको दोन-दोन पाळ्या करत होते. पोरांकडं बघायला घरात कुणी नाही. वस्ती बिघडली. मग तेच नकाशावाले म्हणाले, बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

१९६६च्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग याच लॉनडेलमध्ये भाड्याच्या खोलीत राहायला आले. त्या उन्हाळ्यात घरांच्या प्रश्नावर मोर्चे निघाले. गोऱ्यांच्या वस्तीतून जाताना किंग यांच्या डोक्यात दगड बसला. ४ एप्रिल १९६८ला त्यांचा खून झाला आणि आठवड्यानं, ११ एप्रिलला, घरविक्रीत, भाड्यात आणि घरकर्जात वर्णभेद करायला बंदी घालणारा कायदा सहीनिशी आला. आपल्याला ही तऱ्हा माहीत आहे. माणूस मेला की कायदा येतो.

लॉनडेलची माणसं कायद्याची वाट बघत बसली नव्हती. १९६८च्या सुरुवातीलाच त्यांनी काँट्रॅक्टवर घर घेणाऱ्यांची संघटना केली. धर्मगुरू व्हायला निघालेला जॅक मॅकनमारा नावाचा एक गोरा तरुण वस्तीत येऊन राहिला होता. त्यानं आणि विद्यार्थ्यांनी सरकारी दप्तरात बसून कुठलं घर कधी केवढ्याला घेतलं आणि केवढ्याला विकलं ते एकेक काढलं. बैठकीत आकडे वाचून दाखवले. जो तो आपली फसवणूक स्वतःचं गाढवपण समजून गप्प बसला होता. आकडे ऐकल्यावर कळलं की सगळ्यांचीच एका मापानं कातडी सोललीय. डिसेंबर १९६८ पासून शेकडो कुटुंबांनी हप्ते बंद केले. पोलीस सामान बाहेर काढायचे आणि शेजारी ते परत आत नेऊन ठेवायचे. कोर्टातले दावे ते पुढं हरले, एक १९७६ला आणि दुसरा १९७९ला. पण कित्येकांनी दलालाला परत बसवून भाव कमी करून घेतले.

कोर्टात हरले, तरी वही कशी लिहायची ते शिकागो शिकलं होतं.

४

१९६८चा कायदा म्हणत होता, भेदभाव करू नका. साहेब म्हणत होता, आम्ही कुठं करतो? आणि साहेब लिहून देत नव्हता. मग सिद्ध कशानं करायचं?

लॉनडेलच्या पलीकडं ऑस्टिन नावाची वस्ती आहे. तिथं गेल सिन्कोटा नावाची सहा पोरांची आई, गोरी गृहिणी, घराघरांतून फिरत होती. काळे येऊ लागले तशी तिच्याही वस्तीला बँकांनी पाठ दाखवली. घर दुरुस्तीला कर्ज नाही, विकत घेणाऱ्याला कर्ज नाही. काळ्या शेजाऱ्याला शिव्या देणं सोपं होतं आणि कितीक गोऱ्यांनी तेच केलं. ही बाई बँकेकडं वळली. तिचा सवाल सरळ होता. आमच्या वस्तीचा पैसा तुमच्याकडं ठेव म्हणून येतो. त्यातला कर्ज म्हणून किती परत येतो? आकडा सांगा. १९७२ साली तिनं आणि साथीदारांनी देशभरातल्या वस्ती-संघटनांची परिषद शिकागोत घेतली.

१९७४ला शिकागो शहरानं ठराव केला की ज्या बँकेला शहराच्या ठेवी पाहिजेत तिनं कर्जं कुठं दिली ते उघड करावं. १९७५च्या शेवटच्या दिवशी तोच नियम देशाचा कायदा झाला. कुठल्या भागात घरकर्जं किती दिली, याचा तक्ता बँकेनं दरसाल जाहीर करायचा. १२ ऑक्टोबर १९७७ला दुसरा कायदा आला. सिनेटच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष विल्यम प्रॉक्समायर यांनी तो रेटला. जिथून ठेवी घेता त्या भागाची कर्जाची गरज भागवणं हे बँकेचं कर्तव्य आहे आणि त्यात कमी व मध्यम कमाईच्या वस्त्याही येतात, असं त्यात लिहिलं.

ही मध्यम कमाई म्हणजे काय ते समजून घेतलं पाहिजे. त्या भागातल्या कुटुंबांची मधली मिळकत शंभर धरली तर पन्नासच्या खाली ती कमी कमाई आणि पन्नास ते ऐंशीच्या मधली मध्यम. म्हणजे बस ड्रायव्हर, शाळेतला शिपाई, दवाखान्यातली नर्स. भीक नको, फुकट घर नको, दर महिन्याला हप्ता भरू शकणारा माणूस. माझ्यासारखा.

कायद्यात तुरुंग नव्हता, दंड नव्हता. सरकारी तपासनीस बँकेत जाणार, कर्जं कुठं गेली बघणार आणि शेरा देणार. बँकेला नवी शाखा काढायची असेल, दुसरी बँक गिळायची असेल, तर तो शेरा बघितला जाणार आणि वस्तीतला माणूस तिथं हरकत घेऊ शकणार. पुष्कळांना वाटलं, हा तर बिनदाताचा कायदा. पण त्या हरकतीच्या जागेवर पाय रोवून वस्तीवाल्यांनी बँकांना बोलणी करायला बसवलं आणि कर्जाचे करार करून घेतले. १९९०पासून शेरे जाहीर होऊ लागले.

तक्ते जाहीर होते म्हणून १९८८ साली अटलांटाचा एक पत्रकार, बिल डेडमन, ते घेऊन बसला. सारख्याच कमाईच्या गोऱ्या आणि काळ्या वस्त्या शेजारी मांडल्या. गोऱ्या वस्तीत पाचपट कर्जं निघाली. पुढच्याच वर्षी, १९८९ला, कायदा सुधारला. आता फक्त दिलेलं कर्ज नाही, आलेला प्रत्येक अर्ज नोंदवायचा. अर्जदाराचा वंश, कमाई, बाई की पुरुष आणि अर्जाचं काय झालं. नकारही वहीत आला.

१९९२ला बोस्टनच्या मध्यवर्ती बँकेनं ही नोंद आणि जादा माहिती घेऊन तपास केला. अर्जदाराची ऐपत, जुनी कर्जफेड, घराची किंमत, सगळं सारखं धरलं. तरी गोऱ्यांचे शंभरात अकरा अर्ज नाकारले जात होते तिथं काळ्यांचे आणि लॅटिनोंचे सतरा. वीस वर्षं बँका म्हणत होत्या की आम्ही रंग बघत नाही, ऐपत बघतो. ऐपत वजा केली. रंग उरला.

५

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण पैसेवाला नियमाला घाबरत नाही, तो कपडे बदलतो.

१९७७चा कायदा बँकांसाठी होता. तेव्हा घरकर्ज बहुतेक करून बँका आणि बचत संस्थाच देत. हळूहळू गहाण कंपन्या वाढल्या. त्या ठेवी घेत नाहीत, म्हणून त्या बँका नाहीत, म्हणून तो कायदा त्यांना लागू नाही. कर्ज द्यायचं, ते बाजारात विकून टाकायचं, पैसा फिरवून पुन्हा कर्ज द्यायचं. २००० नंतर या कंपन्यांचे दलाल त्याच लाल वस्त्यांत दारोदार फिरू लागले. जिथं आजोबाला कर्ज नव्हतं तिथं नातवाला कर्ज गळ्यात बांधू लागले. पहिली दोन वर्षं हप्ता हलका, मग एकदम चढणारा. चांगल्या ऐपतीच्या माणसालाही महागडं कर्ज.

२००८ला सगळं कोसळलं. तेव्हा काही शहाणे म्हणाले की १९७७च्या कायद्यानं गरिबांना कर्जं द्यायला लावली म्हणून हे झालं. आपल्याकडं राखीव जागांमुळं गुणवत्ता बुडाली म्हणतात ना, तसंच. मध्यवर्ती बँकेनं आकडे काढले. कमी कमाईच्या माणसांना किंवा वस्त्यांना दिलेल्या चढ्या व्याजाच्या कर्जांपैकी या कायद्याखालच्या बँकांनी आपल्या हद्दीत दिलेली होती शंभरात सहा. बाकीचं कायद्याच्या कुंपणाबाहेरचं. कंट्रीवाइड या बड्या कंपनीनं दोन लाखांवर काळ्या आणि लॅटिनो कर्जदारांकडून जादा फी आणि व्याज घेतल्याचा आरोप सरकारनं ठेवला. २०११च्या डिसेंबरात तडजोडीत साडेतेहतीस कोटी डॉलर भरायचे ठरले. घरं गेली ती गेलीच.

६

केंद्र सरकार हललं नाही, तेव्हा राज्यं हलली. अमेरिकेत गहाण कंपनीला धंद्याचा परवाना राज्य देतं. परवाना देणारा अटही घालू शकतो.

इलिनॉय राज्यानं पहिलं पाऊल टाकलं आणि ते चुकलं. हेतू वाईट नव्हता. शिकागोच्या नैर्ऋत्य भागातले दहा पिनकोड निवडले. सप्टेंबर २००६पासून तिथल्या घरकर्जाचे अर्ज राज्याच्या नोंदीत घालायचे आणि कर्ज धोक्याचं दिसलं तर कर्जदारानं आधी सल्लागाराकडं जायचं, असा नियम केला. कंपन्यांनी काय केलं? त्या दहा पिनकोडांतून काढता पाय घेतला. तिथले काळे आणि लॅटिनो रहिवासी रस्त्यावर आले. सरकारनंच आमच्या वस्तीभोवती पुन्हा रेघ मारली म्हणाले. जानेवारी २००७ला योजना स्थगित झाली. जुलै २००८ला ती परत आणली तेव्हा सगळ्या कुक परगण्याला लावली, गोऱ्या-काळ्या सगळ्या वस्त्यांना.

यातून शिकण्यासारखं आहे. नियम वस्तीला लावला की वस्ती बदनाम होते. नियम सावकाराला लावायचा असतो. आपल्यासाठी म्हणून काढलेल्या कितीक योजनांनी आपल्या घरावर शिक्का मारला, ते आठवून बघा.

मॅसॅच्युसेट्स राज्यानं नेमकं तेच केलं. त्यांनी १९८२पासून राज्याच्या बँकांवर १९७७च्या कायद्यासारखं बंधन घातलेलं होतं. नोव्हेंबर २००७ला ते गहाण कंपन्यांना लावलं. असं करणारं ते पहिलं राज्य. वर्षाला पन्नास किंवा जास्त घरकर्जं देणारी कंपनी तपासली जाणार. कमी आणि मध्यम कमाईच्या माणसांना ती काय देते, कुठल्या वस्त्यांत देते, हप्ता थकलेल्या माणसाशी कशी वागते, हे बघून शेरा मिळणार. कायद्यावर सही करणारे गव्हर्नर डेव्हल पॅट्रिक हे त्या राज्याचे पहिले काळे गव्हर्नर. जन्म शिकागोच्या दक्षिण भागातला.

इलिनॉयला शहाणपण यायला आणखी चौदा वर्षं गेली. २३ मार्च २०२१ला तिथं कायदा झाला. राज्याच्या बँका, पतसंस्था आणि वर्षाला पन्नास किंवा जास्त घरकर्जं देणाऱ्या गहाण कंपन्या, तिघांनाही एकच कर्तव्य. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कनं गहाण कंपन्यांना कायद्याखाली आणलं. केंद्राचा १९७७चा कायदा मात्र अजून बँकांपुरताच आहे आणि अमेरिकेतली निम्म्याहून जास्त घरकर्जं आता बँका नसलेल्या कंपन्या देतात. ज्या शहरात सिन्कोटाबाईनं आकडा मागितला, त्या शहराच्या राज्याला कंपन्यांना आकडा विचारायला सत्तेचाळीस वर्षं लागली.

राज्याच्या कायद्यानं लॉनडेल सावरली असं मी म्हणत नाही. शेरा म्हणजे घर नव्हे. पण सावकार कपडे बदलतो तसा कायदाही त्याच्या मागं पळवता येतो, आणि तो पळवायला खाली वस्तीत कुणीतरी वही घेऊन बसलेलं लागतं, एवढं या साठ-सत्तर वर्षांतून दिसतं.

७

आता आपलं.

अमेरिकेत तो कायदा झाला त्याच १९७७च्या ऑक्टोबरात मुंबईत मध्यमवर्गाला घरकर्ज देणारी एच.डी.एफ.सी. ही कंपनी निघाली. पुढं अशा कंपन्या वाढल्या. त्यांच्यावर देखरेखीला १९८८ला राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आली. २०१९ पासून त्यांच्या नियमनाचा अधिकार रिझर्व्ह बँकेकडं आहे. बँकांवर बंधन आहे. अग्रक्रमाच्या कर्जात दुर्बल घटकांचा वाटा ठरलेला आहे, त्यात अनुसूचित जाती-जमाती येतात, ठराविक रकमेपर्यंतचं घरकर्जही अग्रक्रमात धरतात. गृहकर्ज कंपन्यांवर असा वाटा नाही. आणि कुठल्या वस्तीतले, कुठल्या जातीचे किती अर्ज आले, किती नाकारले, असा तक्ता आपल्याकडं बँकही जाहीर करत नाही, कंपनीही नाही. आपल्याकडचा लाल नकाशा साहेबाच्या डोक्यात आहे. डोक्यातला नकाशा कोर्टात दाखवता येत नाही.

माझ्या पुतण्यानं २०२२ला त्याच भीमनगरात वरचा मजला काढायला कर्ज मागितलं. बँकेनं नाही म्हणलं. मग एका कंपनीचा माणूस घरीच आला. "काका, तुमच्या भागात आम्हीच देतो," म्हणाला. बोलणं गोड. व्याज बँकेपेक्षा पाच टक्के चढ. पुतण्या सही करून मोकळा झाला. मला १९९१ आठवलं. नुसतं नाही ऐकून परत येण्याचे दिवस गेले. आता हो म्हणतात, पण भाव वेगळा लावतात. शिकागोत हेच झालं होतं.

पण एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती आणि पुतण्यालाही नव्हती. रिझर्व्ह बँकेनं २००३ साली कर्ज देणाऱ्यांसाठी उचित व्यवहाराची संहिता काढली. २००७पासून ती सगळ्या प्रकारच्या कर्जांना लागू केली. अर्ज नाकारला तर त्याचं कारण लेखी द्यायचं, असं त्यात आहे. गृहकर्ज कंपन्यांनाही हा नियम आहे. म्हणजे १९९१ला ज्या मागणीवर साहेब हसले, ती मागणी आज नियमात बसते. पण आपण मागतच नाही. पोरगं बँकेतून मान खाली घालून येतं आणि आपण म्हणतो, जाऊ दे.

जाऊ द्यायचं नाही. अर्ज तोंडी करू नका, लेखी करा, पोच घ्या. नाही म्हणाले तर लिहून मागा. हो म्हणाले तर व्याजाचा दर लिहून ठेवा. बँक सरकारी असेल तर तिला माहितीचा अधिकार लागू आहे. कुठल्या शाखेनं कुठल्या भागात किती घरकर्जं दिली ते विचारा. विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास बसा आणि एक दोनशेपानी वही करा. नाव, पत्ता, पगार, कुणाकडं गेला, काय म्हणाले, व्याज किती. लॉनडेलच्या लोकांनी याहून जास्त काही केलं नव्हतं. वही भरली की कायदा मागायला तोंड येतं. रिकाम्या हातानं मागितलं की साहेब हसतात.

आमच्या भीमनगरच्या वहीचं पहिलं पान मी लिहिलंय. १९९१, एस.टी. कारकून, पगाराचा दाखला, दोन जामीनदार. नकाराचं कारण, भीमनगर. दुसऱ्या पानावर पुतण्या आहे. तिसरं पान कोरं आहे.